अंगठा कोणाचा?

ऑनलाइन मागवलेलं जुनं नाणं मंगळवारी आलं आणि शुक्रवारी त्या विक्रीच्या साइटकडून मला कळवण्यात आलं, की मी पाठवलेला फोटो त्या नाण्याशी जुळत नाही.

अहो, मीही तेच म्हणत होतो! दाखवलं एक नि पाठवलं भलतंच, अशी माझी तक्रार. पुरावा म्हणून हाती आलेल्या नाण्याचा फोटो जोडलेला. त्यावर उत्तर : ‘आपण जोडलेले छायाचित्र मूळ वस्तूशी जुळत नाही. सबब परताव्याची विनंती अमान्य.’ खाली हसरा पिवळा चेहरा.

नाणं कुठलं, तर पंचम जॉर्जचा १९११चा रुपया. या रुपयावर राजाच्या झग्यावर एक हत्ती कोरलाय. पण कोरणाऱ्याने सोंड इतकी आखूड ठेवली, की लोकांना तो डुक्कर वाटला. बोंबाबोंब झाली, सरकारने नाणी मागे घेतली आणि पुढच्या साली हत्तीला नीट सोंड दिली. दिल्लीत दरबार भरवून राज्याभिषेकाचा थाट करायचा त्याच वर्षी ही शोभा. जमवणारे याला ‘पिग रुपी’ म्हणतात आणि त्यासाठी जीव टाकतात. मला तो आठशे पन्नासात मिळत होता. किंमत कमी वाटली नाही का? वाटली. विकणाऱ्याला कळत नसेल असं वाटलं. म्हणजे त्याला फसवायला मीच निघालो होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

फोटो मात्र काय होता! अंगठा आणि तर्जनीत धरलेलं नाणं, खिडकीतला उजेड, मागे पिवळ्या फुलांचं मेणकापड. अंगठ्याचं नख डाव्या बाजूला चिरलेलं. मोठा करून पाहिला तर हत्तीचे पायसुद्धा मोजता येत होते.

आलेल्या नाण्यावर हत्ती नाही, डुक्कर नाही. झग्यावर उकडलेला बटाटा ठेवल्यासारखं काहीतरी. कडेला साच्याची शिवण. बायकोने फ्रिजवरचा चुंबकाचा गणपती काढून जवळ नेला, तर राजेसाहेब टुणकन उडी मारून त्याच्या पाठीला चिकटले. चांदी असं करत नाही. तरी खात्री म्हणून सोनाराकडे गेलो. रुपया ११.६६ ग्रॅमचा, जुना तोळाही तेवढाच. काट्यावर आकडा आला ९.१. “बाकीचं कुरिअरमध्ये सांडलं असेल,” सोनार म्हणाला. तीस वर्षं मी त्याच्याकडे जातोय, आजवर त्याने विनोद केलेला नाही.

मग मी विक्रेत्याला फोन लावला.

“नाणं ओरिजिनलच आहे सर.”

“चुंबकाला चिकटतंय.”

“जुनी नाणी चिकटतात सर. पॉवर असते त्यांच्यात.”

“फोटोतलं नाणं हे नाही.”

“फोटो फोटोच्या जागी असतो सर. लग्नाच्या फोटोत दिसते तशी बायको घरी दिसते का?”

बायको शेजारीच बसली होती आणि स्पीकर चालू होता. मी घाईघाईने विषय बदलला.

“त्या फोटोतला अंगठा कोणाचा?”

पलीकडे शांतता. कुकरची एक शिट्टी झाली.

“माझा.”

“नखाला चीर आहे?”

“होती. भरली.”

“मग तेच चिरलेलं नख, त्याच मेणकापडावर, आणखी तीन दुकानांत कसं?”

“भाऊ आहेत आमचे.”

“चौघांत अंगठा एकच?”

“एकत्र कुटुंब आहे सर.”

या उत्तरावर मी खरं तर फोन ठेवायला हवा होता. पण मला चेव चढला. म्हटलं, फोटोतलं नाणं तुमच्याकडे आहे ना? मग ते आजच्या पेपरवर ठेवून फोटो काढा आणि पाठवा. पळवून नेलेल्या माणसाचा काढतात तसा. तो “लगेच” म्हणाला, आणि खरंच अर्ध्या तासात दोन फोटो आले. पहिला तोच : अंगठा, चीर, मेणकापड. दुसऱ्यात नुसता पेपर. पेपर आजचाच होता, एवढा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. राशिभविष्यावर चहाचा डाग होता, नेमका माझ्या राशीवर.

सोबत निरोप : नाराज नका होऊ, भरपाई म्हणून १८१८चं राम दरबाराचं नाणं निम्म्या किमतीत देतो, तांदूळ ओढतं. म्हणजे दैवी शक्तीने तांदळाचे दाणे स्वतःकडे खेचतं म्हणे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने असलं नाणं कधी पाडलंच नाही. त्या साली ते आमची पेशवाई बुडवण्यात गुंतले होते, रामसीतेचे ठसे कोरायला सवड कुणाला होती?

जुन्या बाजारात काय लोक फसत नाहीत? मीच रविवारी तिथे कितीदा फसलोय. पण नाणं हातात घेऊन, फरशीवर वाजवून, आपल्या डोळ्यांनी फसलोय. चूक माझी, शिकलो, पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. इथे डोळ्यांचं काही चुकलंच नव्हतं. फोटो खरा होता, नाणं खरं होतं, हत्ती खरा होता. कुणा भल्या माणसाने ते पुसून, उजेड बघून, श्वास रोखून टिपलं होतं. त्याला बिचाऱ्याला ठाऊकही नसेल, की त्याचा अंगठा चार दुकानं चालवतोय. पैशाचं एवढं काही नाही, असं मी सगळ्यांना सांगतोय. खोटं आहे ते. आठशे पन्नास रुपये चांगलेच लागलेत.

शेवटी शनिवारी रात्री एक शक्कल सुचली. फोटो जुळत नाही म्हणता? घ्या. मी विक्रेत्याच्या पानावरचा तोच अंगठ्याचा फोटो उतरवून घेतला, म्हणजे चोरलाच, आणि नव्या अर्जाला जोडला.

काल उत्तर आलं.

‘छायाचित्र जुळले. वस्तू वर्णनाप्रमाणेच असल्यामुळे परतावा देता येत नाही.’