भुवईचा लुडो

उजव्या अंगठ्याला पट्टा बांधताना नौपाड्यातल्या डॉक्टरांनी विचारलं, "टायपिंग फार असतं का?" "हो ना," म्हटलं. लुडोला टायपिंग म्हणायची सवय ऑफिसातच लागलेली.

तीन आठवडे अंगठा बंद. मग ठाणे-वाशी लोकलमध्ये वेळ काढायचा कसा? आधी फोन कलवून चालवायची मोटार आणली. पण आतल्या, हालचाल मोजणाऱ्या अ‍ॅक्सेलरोमीटरला माझा कल आणि मोटरमनचा ब्रेक सारखाच. ऐरोली आलं की माझी मोटार खड्ड्यात. मग आवाजावर उड्या मारणारा गडी आणला. लेडीज डब्यात मी तोंडही उघडलं नाही, तरी तो खाली यायचं नाव घेईना.

शेवटी भाच्याने अँड्रॉइडमधली, कॅमेऱ्यातून चेहऱ्याचे इशारे ओळखणारी सोय लावून दिली. ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी ती २०२१ साली आली. मी आपली पट्ट्याच्या जोरावर घुसले. पडद्यावर एक रेघ सरकत येते. हव्या जागी आली की भुवई उंचवायची. मग दुसरी रेघ, पुन्हा भुवई. दोन्ही जिथे छेदतात तिथे टिचकी. तोंड उघडलं की 'बॅक'. "फक्त जांभई देऊ नकोस, मावशी!"

सकाळी कडीला लटकून फोन समोर धरला. रेघ फाशावर आली, भुवई उंचावली.

"घणसोली," समोर बसलेली म्हणाली.

लोकलमध्ये उंचावलेल्या भुवईचा अर्थ एकच, 'कुठे उतरणार?' हे मी साफ विसरले होते. दुसरी रेघ, दुसरी भुवई. "तुर्भे," तिची शेजारीण. आणि सहा पडले! सहा म्हणजे पुन्हा फासा, म्हणजे आणखी दोन भुवया. कोपरखैरणे. सानपाडा. दिघा गाव यायच्या आत माझ्या नावावर चार सीटा.

"ओ ताई, अख्खा बाक तुमचाच का?" मागून आवाज आला. "घणसोली मी केव्हाची सांगून ठेवलीय!"

"अहो, मी लुडो खेळतेय," सांगायला तोंड उघडलं आणि डाव बंद. तीन सोंगट्या घरात होत्या हो!

घणसोलीची सीट अर्थात तिलाच गेली. मला कोपरखैरण्याला मिळाली. टेकते न टेकते तोच समोर उभ्या असलेल्या बाईंनी भुवई उंचावली. मी आधी त्यांच्या हातात फोन आहे का ते पाहिलं.