डेथ कार्ड निघालं म्हणून अँजिओप्लास्टी पुढे ढकलू नका

कोथरूड-कर्वेनगरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायला वापरतात त्या चित्रांच्या पत्त्यांतल्या, तेराव्या ‘डेथ’ (मृत्यू) कार्डाचा फोटो फिरतोय. खालचा मजकूर थोडक्यात असा: टॅरो ही इजिप्तच्या पुरोहितांची पाच हजार वर्षं जुनी विद्या आहे; ‘डेथ’ कार्ड ज्याला निघतं त्याच्या घरातलं माणूस लवकरच जातं; तेरा हा आकडा त्याची खूण; आणि शांत करून घेतली तर संकट टळतं. शांत करून देणाऱ्याचा नंबर शेवटी आहेच. आमच्या ओळखीतल्या एका काकूंना हेच कार्ड निघालं होतं. मेसेज वाचून त्यांनी काकांच्या अँजिओप्लास्टीची ठरलेली तारीख पुढे ढकलली, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी चित्र बघू. ते पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीनं गूढविद्येवर लिहिणाऱ्या आर्थर एडवर्ड वेट यांच्या कल्पनेवरून काढलं आणि तो पत्त्यांचा संच १९०९ च्या डिसेंबरात लंडनमध्ये निघाला. काळ्या चिलखतातला सांगाडा पांढऱ्या घोड्यावर बसलाय. हातात काळं निशाण, त्यावर पाच पाकळ्यांचा पांढरा गुलाब. घोड्याच्या पायाशी राजा मरून पडलाय, मुकुट घरंगळलाय. पिवळ्या झग्यातला बिशप हात जोडून समोर उभा आहे. एक तरुणी गुडघे टेकून बसलीय, तिनं तोंड फिरवलंय. शेजारचं लहान मूल मात्र वर मान करून थेट घोडेस्वाराकडे बघतंय. मागे नदी, नदीत होडी, आणि लांब क्षितिजावर दोन बुरुजांच्या मधोमध सूर्य.

राजा, धर्मगुरू, तरुणी आणि मूल, नेमके हेच का? चौदाव्या शतकात प्लेगनं युरोपातली गावंच्या गावं ओस पाडली. पुढच्या शतकात तिथे दफनभूमीच्या आणि चर्चच्या भिंतींवर एक चित्रविषय रुजला: मृत्यू एकेकाचा हात धरून त्याला नाचवत नेतोय. पॅरिसच्या एका दफनभूमीत १४२४-२५ साली असं मोठं भित्तिचित्र रंगवलं गेलं. त्या रांगेत पोप असतो, राजा असतो, शेतकरी असतो, तान्हं बाळही असतं. पामेलाबाईंचे चौघं त्याच रांगेतले. साथ माणूस बघून येत नाही, हे पुण्याला वेगळं सांगायला नको. १८९७ च्या प्लेगात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. हे चित्र तुमच्या-माझ्यासकट सगळ्यांबद्दल आहे. जे झाडून सगळ्यांना लागू पडतं, त्यातून कोथरूडच्या एका फ्लॅटचं भविष्य कसं काढणार?

यावर ग्रुपवर लगेच दुसरं उत्तर येतं: ‘घाबरू नका, या कार्डाचा अर्थ फक्त नवी सुरुवात!’ मला तेही पटत नाही. वेट यांनी या संचासाठी लिहिलेल्या पुस्तकात परिवर्तनाची, स्थित्यंतराची भाषा आहे आणि क्षितिजावरच्या सूर्याला त्यांनी अमरत्वाचा सूर्य म्हटलंय. पण त्यांनीच दिलेल्या अर्थांच्या यादीत अंत, मर्त्यता, नाश हेही आहेत. राजा खरोखर मेलाय आणि मागे सूर्य खरोखर आहे. दोन्ही एकाच चौकटीत ठेवणं हीच या चित्राची ताकद. भीती घालण्यासाठी एक अर्धं कापायचं किंवा धीर देण्यासाठी दुसरं, दोन्हीत चित्रावर अन्यायच होतो.

इजिप्तचं म्हणणं दोन वाक्यांत निकालात निघतं. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत खेळण्यासाठी तयार झाले. इजिप्तची गोष्ट १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेबलँ या फ्रेंच लेखकानं मांडली, तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कुणाला वाचताच येत नव्हती, कारण ती उलगडली १८२२ मध्ये. आपल्या सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यावर मत्स्य, कूर्म, वराह रंगवलेले असतात, तरी १२० पानांचा तो खेळच राहिला. टॅरोचंही सुरुवातीला तसंच होतं.

आता तेरा. मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी १४५० च्या सुमारास हातानं रंगवलेल्या संचात मृत्यूचं पान आहे, सांगाड्याच्या हातात धनुष्य आहे, पण पानावर ना आकडा ना नाव. तेराची धास्ती पाश्चात्त्यांची. आपल्याकडे तेराव्याला दिवस पूर्ण होतात हे खरं, पण समर्थांचा ‘श्रीराम जय राम जय जय राम’ हा मंत्रही तेरा अक्षरांचाच, आणि दिवाळीत आपण धनत्रयोदशीला दिवे लावतो.

राहिली शांत. आपल्याकडे शांत करतात ती ग्रहाची, नक्षत्राची, वास्तूची. लंडनमध्ये छापलेल्या पत्त्याची शांत कुठल्या पोथीत सांगितलीय, हे त्या नंबरवर विचारा आणि उत्तर ग्रुपवर टाका. टॅरो आवडत असेल तर जरूर बघा, चित्रांवर तासन्‌तास बोला, मलाही आवडतं. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत किती अडथळा आहे हे अँजिओग्राफीत दिसतं, आणि थांबायचं की नाही हे तो रिपोर्ट बघून डॉक्टर ठरवतात. ज्यांनी कार्डापायी तारीख पुढे ढकललीय, त्यांनी उद्या सकाळी ओपीडी उघडताच फोन करून नवी तारीख घ्यावी.