गीझरचे पाणी माशांच्या टाकीत ओतण्याबाबत खुलासा

हिवाळ्यात माशांच्या टाकीत गीझरचे गरम पाणी ओतले की हीटर लागत नाही, हा सध्या फिरणारा सल्ला चुकीचा आहे. १०० लिटर पाणी २० अंशांवरून २५ अंशांवर आणायला ६० अंशांचे सुमारे १४ लिटर पाणी ओतावे लागते, आणि थंड खोलीत ती ऊब काही तासांत उतरत असल्याने माशांना रोज तोच चढउतार सोसावा लागतो. त्यात नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते. मग मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात, आणि पुष्कळांना ती भूक वाटते! तांब्याच्या नळ्यांतून आलेले तांबे तर कोळंबी व गोगलगायींना अल्प प्रमाणातही घातक असते. गरम पाणी टाकीत न मिसळता स्टेनलेस स्टीलच्या बंद नळीतून फिरवता येते खरे. मात्र तिथेही थर्मोस्टॅटवर चालणारी झडप हवीच.