एसीत दरवर्षी गॅस भरावा लागत नाही

‘एसीतला गॅस वापरून संपतो, उन्हाळ्याआधी दरवर्षी भरून घ्या’ असा निरोप सध्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरतोय. तो चुकीचा आहे. हा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही. बंद नळ्यांतून तोच तो फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

गारवा कमी वाटला की आधी फिल्टर काढून बघा. आमच्याकडे गेल्या वर्षी नळीवर बर्फ धरला, तेव्हा कारागीर थेट सिलिंडर घेऊनच आला. फिल्टर उजेडात धरला तर धुळीने पलीकडचं काही दिसेना. धुऊन लावला, बर्फ गेला.

गळती असलीच तर बहुतेकदा सांध्यापाशी तेलकट डाग दिसतो, साबणाचा फेस लावला की बुडबुडे येतात. आधी सांधा दुरुस्त, मग व्हॅक्यूम पंपाने नळ्यांतली हवा काढून टाकणं, मग बाहेरच्या युनिटच्या पट्टीवर लिहिलाय तेवढाच गॅस, वजनकाट्यावर मोजून. काटा आणलाय का, हे कारागिराला जरूर विचारा. बऱ्याच नव्या एसींत असतो तो आर-३२ गॅस पेटू शकतो. त्यामुळे गळती शोधताना ज्योत अजिबात नको.