ऑटो मोडमध्ये फोटो काळे येतात, याचा अर्थ सेन्सर गेला असा नाही

आमच्या नागपुरातल्या कौटुंबिक आणि मोहल्ल्याच्या व्हॉट्सॲप गटांत सध्या एक संदेश वारंवार पुढे पाठवला जात आहे. त्याचा आशय असा: डिजिटल कॅमेऱ्याने ऑटो मोडमध्ये काढलेले फोटो अंधारे येऊ लागले की सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग, थकला असे समजावे आणि दुरुस्तीवर पैसे घालू नयेत; तोवर काम भागवायचे असेल तर आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता ठरवणारा आकडा) सर्वांत वरच्या आकड्यावर आणि फ्लॅश कायम चालू ठेवावा; त्याच जागी मोबाइलचा फोटो उजळ येतो, हाच कॅमेरा निकामी झाल्याचा पुरावा. माझ्या धाकट्या भावाने हे वाचून आपला धडधाकट कॅमेरा विकायला काढला, म्हणून यातले एकेक विधान तपासणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान सेन्सरचे. सेन्सर बिघडला तर चित्रात सहसा रंगीत ठिपके किंवा रेषा दिसतात, अथवा चित्रच उमटत नाही. काही दृश्ये काळी आणि काही उत्तम, असे तो करत नाही. भावाने मला दाखवलेले अंधारे फोटो दीक्षाभूमीवरचे होते, आणि त्याच दिवशी घराच्या ओसरीत काढलेले फोटो मात्र स्वच्छ होते. एवढ्यावरूनच दोष कॅमेऱ्यात नसून दृश्यात शोधायला हवा, हे कळायला हवे होते.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक वस्तूवरून परावर्तित होऊन आलेला प्रकाश मोजतो, पण ती वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे त्याला ठाऊक नसते. म्हणून समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे तो गृहीत धरतो. प्रकाशचित्रणात ही छटा साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करणारी मानली जाते. स्तूपाचा पांढराशुभ्र घुमट आणि त्यामागचे तळपते आकाश यांनी चौकट भरली, की मापक त्यांना करडे करण्यासाठी प्रकाश कमी घेतो आणि पुढे उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे काळवंडतात. फुटाळा तलावाच्या काठावर मावळत्या सूर्याकडे पाठ करून उभे राहिलेल्यांचेही हेच होते. खात्री घरीच करता येते: फ्लॅश बंद ठेवून चुन्याच्या पांढऱ्या भिंतीने पूर्ण चौकट भरून एक फोटो काढावा आणि तशाच प्रकाशात उघडलेल्या काळ्या छत्रीने चौकट भरून दुसरा. भिंत मळकट करडी येते आणि छत्री फिकट करडी येते. कॅमेरा नवा कोरा असला तरी हेच घडते.

उपाय साधा आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांत पूर्ण ऑटो मोडमध्ये उजळपणा वाढवण्याची सोय बंद असते, त्यामुळे मोड निवडायची चकती ‘पी’ अक्षरावर (शटर आणि छिद्र कॅमेराच ठरवतो, पण उजळपणा आपल्याला बदलता येतो) आणावी आणि अधिक-उणे चिन्हाच्या बटणाने, म्हणजे एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनने, अधिक १ असा आकडा ठेवावा; त्याने सेन्सरवर दुप्पट प्रकाश पडतो. घुमटाच्या पांढऱ्या रंगातले बारकावे थोडे पुसले जातील, पण आईचा चेहरा दिसावा यासाठी ती किंमत मी आनंदाने देईन. काम झाल्यावर आकडा शून्यावर आणायला विसरू नये, कारण अनेक कॅमेऱ्यांत तो बंद करूनही तसाच राहतो. कोणाच्या हातून तो उणे बाजूला सरकून राहिला असेल, तर ‘पी’ मोडमधले पुढचे सगळेच फोटो काळपट येतात आणि सेन्सरवर नाहक आळ येतो.

आयएसओचा सल्ला तर कामाचाच नाही. स्वयंचलित मापन चालू असताना आयएसओ वाढवला, की कॅमेरा तितकाच शटरचा वेग वाढवतो किंवा भिंगातले प्रकाश आत येण्याचे छिद्र लहान करतो, म्हणून उजळपणा जिथल्या तिथे राहतो आणि चित्रात फक्त रवाळपणा वाढतो. सर्वांत मोठे छिद्र आणि सर्वांत मंद शटर वापरूनही प्रकाश पुरत नसेल, तेवढ्याच वेळी त्याचा उपयोग होतो.

फ्लॅशबद्दल मात्र थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण लग्नाच्या हॉलमधले बहुतेक काळे फोटो याच सल्ल्यातून येतात. कॅमेऱ्यावरच्या लहान फ्लॅशचा मार्गदर्शक अंक (फ्लॅशची ताकद सांगणारा आकडा; त्याला छिद्राच्या एफ आकड्याने भागले की पल्ला मिळतो) आयएसओ १०० ला बहुधा १२ मीटरच्या आसपास असतो. कॅमेऱ्याबरोबर मिळणारे १८-५५ मिलिमीटरचे भिंग पूर्ण झूम केल्यावर त्याचे छिद्र एफ ५.६ पेक्षा मोठे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). १२ ला ५.६ ने भागले, तर फ्लॅशचा पल्ला जेमतेम २ मीटर निघतो. अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौपट घटतो, त्यामुळे दहाव्या रांगेत बसून फ्लॅशसह फोटो काढला तर पुढच्या पाहुण्यांच्या पाठी उजळतात आणि वधूवर अंधारात राहतात. तिथे फ्लॅश बंद करावा, झूम कमी करून पुढे जावे आणि मंचावरच्या दिव्यांचाच प्रकाश घ्यावा. उलट भर उन्हात, पाठीमागून प्रकाश येत असताना आणि माणूस दीड-दोन मीटरवर असताना, हाच फ्लॅश चेहरा उजळायला फार उपयोगी पडतो; पण नेमका तेव्हा तो कोणी लावत नाही.

मोबाइलची तुलना पुरावा ठरत नाही. आजचे मोबाइल एका क्षणात अनेक फोटो घेऊन ते जोडतात, चेहरा ओळखतात आणि सावल्या उजळवून मगच चित्र दाखवतात. उजळ चित्र ही त्या प्रक्रियेची करामत आहे. त्यावरून शेजारच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

खरा बिघाड असतोही, पण तो बहुधा दुसरीकडे सापडतो. सावलीतली सिमेंटची भिंत ‘ए’ किंवा ‘एव्ही’ मोडमध्ये (छिद्र आपण ठरवतो, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो) एकदा सर्वांत मोठ्या छिद्राने आणि एकदा एफ ११ ने टिपावी. दोन्ही फोटो सारखेच उजळ यायला हवेत. एफ ११ चा फोटो बराच जास्त उजळ आला, तर छिद्राच्या पात्या अडकलेल्या असू शकतात, आणि दुसरे भिंग लावल्यावर तो फरक नाहीसा झाला तर दुरुस्ती भिंगाची आहे, कॅमेऱ्याची नाही. भावाच्या कॅमेऱ्याने दोन्ही फोटो सारखे दिले, आणि त्याने विक्रीची जाहिरात त्याच संध्याकाळी काढून टाकली.