जरा आडवी करून बघ

कालचीच गोष्ट आहे आणि मी अजून धुमसतेय, त्यामुळे वाक्यं लांबली तर चालवून घ्या. सकाळी ऑफिसची घाई आणि माझी इलेक्ट्रिक स्कूटर सोसायटीच्या गेटातच बंद. स्क्रीनवर एकच ओळ, अपडेट सुरू आहे, गाडी बंद करू नका. अरे बंद कशी करू, चालू कुठेय! हे अपडेट रात्री होणार असं कंपनीनेच कळवलं होतं. रात्री ती ढाराढूर झोपली असणार.

तेवढ्यात तळमजल्यावरचे काका दुधाच्या पिशव्या घेऊन आले. काकांकडे एकेकाळी चेतक होती. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघून मिळालेली, कारण तेव्हा दहा-दहा वर्षांचं वेटिंग असायचं, पोरगा जन्मला की बुकिंग करायचं आणि मुंजीला गाडी यायची. ती चेतक भंगारात गेली त्यालाही जमाना झाला, पण तेव्हापासून काका जगातल्या यच्चयावत स्कूटरचे पालक आहेत.

"किक मार."

"किक नसते हिला काका."

"मग चोक ओढ."

"चोक नाहीये."

"बरं, कॉक रिझर्व्हला कर."

"काका, पेट्रोलच नाहीये हिच्यात."

"अगं मग आधी पेट्रोल भर की!" आणि विजयी मुद्रेने वॉचमनकडे बघितलं. वॉचमन हसला. तो मला रोज गाडी चार्जिंगला लावताना बघतो, तरी हसला.

"इलेक्ट्रिक आहे हो ही."

"ते माहितीये मला. प्लग काढून पुसलास का?"

"हिला प्लग नसतो."

"प्लग नसतो? मग चार्ज कुठून करतेस?"

यावर काय बोलणार. मी अपडेटचा बार बघत बसले, बासष्ट टक्के. मग आलं ते वाक्य, जे येणार हे मला किकपासूनच माहीत होतं. "मिस्टर कुठायत? बोलाव त्यांना खाली."

आमच्या मिस्टरांना टायरमधे हवा किती भरायची ते विचारा. "पुरेशी", असं सांगतील. घरात बाबांची जुनी आरएक्स १०० आहे, तिचा कार्ब्युरेटर मी खोलते, मी धुते, मी बसवते, सोसायटीच्याच पार्किंगमधे, काकांच्याच खिडकीखाली. काकांनी ते बघून विचारलं होतं, "भांडी घासतेस का गं?" तर ते असो. नसो खरं तर, पण असो.

"जरा आडवी करून बघू," काका म्हणाले आणि पिशव्या वॉचमनच्या हातात दिल्या. कारण विचारलं तर म्हणे आडवी केली की आतला गॅस निघून जातो. वास्तविक चेतक आडवी केली की कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल वर चढायचं, गार इंजिनाला जरा दाट मिश्रण मिळायचं आणि पुढच्या किकला गाडी सुरू व्हायची. हे मी त्यांना सांगत होते. सांगत असतानाच त्यांनी आणि वॉचमनने शंभर किलोच्या वरची माझी गाडी तिरकी केली. अपडेट चालू असताना हिचं बाकी सगळं बेशुद्ध असतं, चोरीचा अलार्म मात्र टक्क जागा. जो काय कोकलायला लागला! नवऱ्याच्या फोनवर मेसेज गेला की गाडी पडली, तो टूथब्रश तोंडात धरून गॅलरीत आला, आणि काका वर बघून म्हणाले, "आले मिस्टर! आता होईल चालू."

हेच काका 'दिवा चालू राहिलाय' म्हणून मला वर्षानुवर्षं हाताची बोटं उघडमीट करून दाखवतात. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा कायम चालूच असतो, सरकारचा नियम आहे, तो बंद करायला बटणच नसतं, हे सांगून झालंय. १२५ सीसीच्या वर एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, सक्ती १ एप्रिल २०१९, धुराचा नियम बीएस ६ पण १ एप्रिल २०२०. आपल्याकडे दुचाकीवाल्यांच्या नशिबात जे येतं ते एक एप्रिललाच येतं, त्यात सुधारणा कुठली आणि फूल कुठलं ते आपण ओळखायचं.

मला हे तंत्रज्ञान मनापासून आवडतं हो. चांदणी चौकाच्या उतारावर थ्रॉटल सोडला की मोटरचाच जनरेटर होतो, वीज बॅटरीत परत जाते, गाडी अजून किती किलोमीटर जाईल तो रेंजचा आकडा किंचित वाढतो, मला फुकट मिळालेल्या कोथिंबिरीचा आनंद होतो. पण पावसात तो टचस्क्रीन थेंबांनाच बोटं समजून आपोआप मॅप उघडतो त्याचं काय? आणि उतारावर धरून ठेवणं, एकाच वेगात चालवणारं क्रूझ वगैरे, त्याला लागणारं सगळं हार्डवेअर गाडीत आधीच बसवलेलं आहे, मी त्याचे पैसे भरलेत, ते वजन मी रोज वाहून नेते, तरी वापरायला वेगळं पॅक घ्यायचं. नाक्यावरचा मेकॅनिक हात लावत नाही, म्हणतो लॅपटॉप लागतो ताई. आरएक्स रस्त्यात रुसली तर निदान एक पाना काढून मला काहीतरी करता येतं. इथे दीड लाखाची गाडी उभी आणि मी तिच्यासमोर हात जोडून, कारण हजार किलोमीटरवरच्या कुठल्यातरी सर्व्हरला आत्ता सवड झालीय. ही गाडी माझी आहे की मी तिची, ते आरसी बुकात बघून सुद्धा कळत नाही.

शेवटी रिक्षाने गेले. दुपारी फोनवर आलं, अपडेट यशस्वी. काय काय नवीन ते वाचलं. स्क्रीनला तीन नव्या रंगांच्या थीम. आणि गाडी चालू करताना वाजणारी धून. बास.

संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काकांचा मेसेज, 'इलेक्ट्रिक गाड्या गेटजवळ उभ्या करू नयेत, आडवी करूनही चालू होत नाहीत.' खाली सात अंगठे. त्यातला एक आमच्या मिस्टरांचा.