बी लावायला पॉटिंग मिक्स किती घ्यायचं? त्या फिरणाऱ्या मेसेजमधला हिशोब चुकलाय

गणपती झाले की हिवाळी भाज्यांची रोपं करायची गडबड सुरू होते आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या ग्रुपवर तो मेसेज हमखास येतो, "बी पेरणीसाठी पॉटिंग मिक्सचा सोपा हिशोब" (पॉटिंग मिक्स म्हणजे कप-कुंड्या भरायचं तयार मिश्रण). ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. 98 कपाच्या एका प्रोट्रेला (रोपं करायचा छोट्या छोट्या कपांचा प्लास्टिकचा ट्रे) 1.2 किलो कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, लागतं म्हणून ट्रेमागे दाबलेल्या कोरड्या कोकोपीटच्या 650 ग्रॅमच्या दोन विटा घ्या. कप मोजत बसू नका, ट्रेची लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची करा. 5 किलोचा ठोकळा भिजवला की 75 लिटर होतोच. कोकोपीट, गांडूळखत, माती एकेक भाग घेतलं की तीन भाग तयार. आणि शेवटी, उरलं तर टिकतंच, म्हणून सरळ दुप्पट घ्या.

पहिल्यांदाच बाग करणारी माणसं हे वाचून ढीगभर सामान मागवतात, बाल्कनीत पोती पडून राहतात आणि पुढच्या वर्षी "हा महागडा छंद आहे बाबा" म्हणून सोडून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण घरापुरती रोपं करायला लागणारं सामान अगदी थोडं आहे. म्हणून एकेक मुद्दा घेते.

सगळ्यात मोठा घोळ त्या 1.2 किलोचा आहे. आकडा खोटा नाहीये. कोईमतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाच्या टोमॅटोच्या शिफारशीत तो आहे, हेक्टरला 98 कपाचे 238 ट्रे, त्यासाठी 300 किलो कोकोपीट, म्हणजे ट्रेला साधारण 1.2 किलो. पण हे वजन भिजलेल्या, भरायला तयार असलेल्या कोकोपीटचं धरलं तरच हिशोब जुळतो, आणि ते आपण घरी पडताळून बघू शकतो. 650 ग्रॅमची वीट साधारण 4 लिटर पाणी पिते आणि फुगून 8 लिटरच्या आसपास होते. म्हणजे आता तिचं वजन झालं 4.65 किलो, आणि एक लिटर ओलं कोकोपीट भरलं जवळपास 580 ग्रॅम. या हिशोबाने 1.2 किलो म्हणजे 2 लिटरच्या किंचित वर. 98 कपात वाटलं तर कपाला 21 मिली. बाजारात मिळणाऱ्या बहुतेक 98 कपाच्या ट्रेचा कप 20 ते 25 मिलीचाच असतो, बरोबर बसलं की नाही?

आता मेसेजवाल्यांसारखं तेच 1.2 किलो कोरडं धरून बघा. कोरड्या विटेचे 1.2 किलो फुगून 15 लिटरच्या आसपास होणार, म्हणजे एकेका कपात दीडशे मिली कोंबायचं, तेही बोटभर खोल कपात! जागाच नाहीये तिथे. खरं तर एका ट्रेला कोरड्या विटेचा साधारण पाव भाग लागतो, दाबून भरायला आणि वरून बी झाकायला थोडं जास्त धरलं तरी एका विटेत तीन ट्रे आरामात भरतात. दोन विटा एका ट्रेला म्हणजे गरजेच्या सहापट खरेदी.

यातूनच पुढची गोष्ट. पॉटिंग मिक्स किलोवर मोजूच नका. तेच मिक्स कोरडं असताना हलकं आणि ओलं असताना जड, त्यात माती असेल तर अजूनच जड, म्हणून ऑनलाइन "5 किलो पॉटिंग मिक्स" असं लिहिलेल्या दोन पिशव्या शेजारी ठेवल्या तर एकीतून कोकोपीटवालं आठ-दहा लिटर निघेल आणि दुसरीतून मातीवालं जेमतेम चार-पाच. कप भरतो तो आकारमानाने. दुकानदाराला विचारायचं ते "किती लिटर आहे?", आणि त्याला सांगता आलं नाही तर पिशवीवर बघायचं, तिथेही नसेल तर अशी पिशवी मी तरी घेत नाही.

लांबी-रुंदी-उंचीचं गणित. ट्रे साधारण 54 सेंटिमीटर लांब, 28 रुंद, 4 खोल. गुणाकार 6 लिटर येतो. पण ट्रे म्हणजे काही खोका नाही ना, कप खाली निमुळते होत जातात आणि मधे मधे रिकामी जागा असते, म्हणून खरी जागा त्याच्या निम्म्याहूनही कमी. (गंमत म्हणजे याच मेसेजच्या पहिल्या मुद्द्याप्रमाणे दोन विटा म्हणजे 16 लिटर आणि दुसऱ्याप्रमाणे 6 लिटर, हे त्यांचं त्यांनाही जुळत नाही, तरी लोक पुढे ढकलतात.) कप मोजणं एवढं अवघड आहे का? खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं मापाचं झाकण घ्या, कपाच्या खालच्या भोकाला बाहेरून चिकटपट्टी लावा, पाणी ओता. 10 मिलीचं झाकण दोनदा रिकामं केलं आणि वर थोडं अजून मावलं तर कप झाला 22 मिलीचा. गुणिले 98, म्हणजे 2.15 लिटर, त्यावर 20 टक्के जास्त, म्हणजे 2.6 लिटर. झालं. ट्रे खोल कपाचा असेल तर आकडा वाढेल पण रीत हीच. दह्याचे डबे, अंड्याचे ट्रे, कशातही बी लावा, पाणी ओतून मापायचं.

पण मुळात घरी 98 कप भरायचेत कशाला, हा प्रश्न मेसेजमध्ये कुठेच नाहीये आणि माझा खरा आक्षेप तोच आहे. खरेदीचा हिशोब ट्रेपासून नाही, रोपांपासून सुरू होतो. समजा गच्चीवर 6 टोमॅटो, 4 मिरच्या, 4 वांगी लावायची आहेत. प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान अट टोमॅटो-वांग्याला 70 टक्के आणि मिरचीला 60 टक्के असते, म्हणजे टोमॅटोचे 9, मिरचीचे 7, वांग्याचे 6 कप लावले की पुरे. एकूण 22 कप, प्रत्येकी 22 मिली, वर 20 टक्के, म्हणजे पाऊण लिटरसुद्धा नाही! भेंडी, गवार, मुळा, गाजर, मेथी, कोथिंबीर हे सगळं तर थेट कुंडीतच पेरायचं असतं, त्यांच्यासाठी ट्रेचं मिक्स धरायचंच नाही.

आणि जिथे मिक्स खरोखर लागतं ती पायरी मेसेजने गाळूनच टाकलीये. टोमॅटो-मिरचीचं रोप लहान कपातून लगेच मोठ्या कुंडीत न टाकता बरेच जण मधे काही दिवस मोठ्या कागदी कपात वाढवतात. तो कप 200 मिलीचा धरा. 14 रोपांना 2.8 लिटर. म्हणजे बी लावायला लागलं त्याच्या जवळपास पाचपट मिक्स इथे जातं. ज्यांना सोसायटीत वाटायला पूर्ण ट्रेभर रोपं करायची आहेत त्यांनी तर हे आधी बघाच, 98 रोपं अशा कपात हलवायची म्हटली तर जवळपास 20 लिटर लागेल, ट्रेला मात्र अडीचच लागले होते. हे आधी धरलं नाही की ऐन वेळी मिक्स संपतं, रोपं ट्रेमध्येच अडकून लांबुळकी होतात, मुळं कपात गोल गोल फिरतात. म्हणजे हा मेसेज एकीकडे सहापट घ्यायला लावतो आणि दुसरीकडे हवं तिथे कमी पाडतो.

5 किलोचा ठोकळा 75 लिटर "होतोच" असं नाही. मोकळा करून, हाताने चोळून, भुसभुशीत भरला तर होतो कधी कधी, पण ठोकळा किती दाबलेला आहे, किती जुना आहे, त्यात धागे किती आहेत यावर सगळं अवलंबून असतं. 60 लिटर धरून चला, वर निघालं तर चांगलंच. पाणी 25 ते 30 लिटर लागतं, एका बादलीत मावणार नाही हेही कोणी सांगत नाही. आणि पाकिटावर धुतलेलं किंवा लो ईसी (म्हणजे क्षार कमी) असं लिहिलेलं नसेल तर दोन-तीनदा पाण्याने धुऊन पिळून घ्या, नारळाच्या काथ्यात क्षार असतात आणि कोवळ्या मुळांना ते झेपत नाहीत.

एक अधिक एक अधिक एक बरोबर तीन, हे मिक्सच्या बाबतीत चालत नाही. गांडूळखताचे बारीक कण कोकोपीटच्या पोकळीत जाऊन बसतात, मग तीन मापं टाकली तरी तीनाला कमीच भरतात, आणि पहिलं पाणी घातलं की अजून खाली बसतं. वर जे 20 टक्के जास्त धरले ते याचसाठी. शिवाय लहान कपात बागेतली माती घालूच नये असं माझं ठाम मत आहे, कपात ती दगडासारखी बसते, पाणी धरून ठेवते आणि रोपं बुडाशी सडून माना टाकतात, ज्याला आपण रोप कोलमडणं म्हणतो. तीन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत पुरतं, बी स्वतःचा डबा बरोबर घेऊन येतं, पहिली खरी पानं येईपर्यंत त्याला फार खत लागत नाही. गांडूळखत किलोवरच विकतात, तेव्हा 1 किलो म्हणजे साधारण दीड लिटर धरा. वरच्या 14 रोपांच्या उदाहरणात दोन्ही पायऱ्या मिळून साडेतीन लिटर लागले, म्हणजे 650 ग्रॅमची अर्धी वीट आणि किलोभर गांडूळखत. एवढीच खरेदी.

राहिलं "उरलं तर टिकतं". कोरडी वीट टिकते, वर्षानुवर्षं टिकते, हे खरं. पण भिजवून खत मिसळलेलं मिक्स बंद पिशवीत ठेवलं की आंबूस वास येतो, बुरशी धरते, त्या बारीक काळ्या माश्या होतात, आणि उघडं ठेवलं तर इतकं कोरडं होतं की वरून पाणी घातलं तरी बाजूने निघून जातं. असं जुनं मिक्स मोठ्या कुंडीत खाली घालायला ठीक, पण बी लावायला नको. म्हणून अख्खी वीट भिजवायची गरज नाही, कोरडी असतानाच जुन्या करवतीने हवा तेवढा तुकडा कापा, उरलेला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून पाणी लागणार नाही अशा जागी ठेवा, आणि पिशवीवर लिहून ठेवा की पाव वीट म्हणजे 2 लिटर.